हातभर माती

२९ सप्टेंबर १९९३ची रात्र. तुम्ही किल्लारीत आहात, औसा तालुक्यात. गणपती बोळवून माणसं आत्ता कुठं परततायत; अंगावर गुलाल, घसे बसलेले. ओसरीवरची म्हातारी म्हणते, "भायेर कशाला, आत टेक की लेकरा."

आत गार आहे. भिंतीवर तळवा ठेवून बघा. दोन-अडीच फूट जाडी, दोन्ही अंगांनी काळा दगड, मधे चिखलात दाबलेले गोटे. वर माळवद: खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर हातभर माती. गळू नये म्हणून अधूनमधून नवा थर चढतो, जुना कुणी उतरवत नाही. ऊन, पाऊस, चोर, तिघांचाही बंदोबस्त. दगडी घर म्हणजे ऐपत. कुडाच्या झोपडीला कोण विचारतं?

सावध करायचंय यांना? ते काम जमिनीनंच केलंय. गेल्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर हादरे बसतच होते. पण सरकारी नकाशात हा मुलूख भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, आणि दख्खनचा कातळ हलत नाही असं शिकलेलेही मानत. माणसं पुन्हा भिंतीआड झोपली. त्यांच्यावर रागावू नका. सुगी तोंडावर असताना कुठं जाणार होती?

तीन वाजून छप्पन मिनिटं. आधी घरघर, खालून. मग भिंतीचं पोट फुगतं. बाहेरचा दगड बाहेर, आतला आत, अन् इतक्या वर्षांची माती सगळ्यांच्या अंगावर. लाकडी खांब मात्र कित्येक ठिकाणी तसेच उभे. जवळपास १० हजार माणसं गेली; ५२ गावं भुईसपाट झाली.

दोन-तीन वर्षं पुढं सरका. २००२ साली नकाशातला तो 'सर्वांत सुरक्षित' पट्टाच रद्द होईल, २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा येईल, ते दिल्लीत. तुम्ही इथं, न पडलेल्या एका घराशी थांबा. माळवदावरची माती टोपल्या-टोपल्यांनी खाली येतेय. गवंडी भिंतीला आरपार भोक पाडतोय. त्यात गज घालून काँक्रीट भरलं की आतला-बाहेरचा थर एकमेकांना धरून राहील. बांधतानाच मधूनमधून आरपार लांब दगड घातले असते, तर हेच काम जवळपास फुकटात झालं असतं.

घरमालक भोकात डोकावून बघतो. "पावसात ओल तर नाही ना येणार हितनं?"