मूल सांभाळणारीची गैरहजेरी : सातारा व सांगली यांच्या इतिहासातील एक प्रश्न

मूल सांभाळण्यासाठी ठेवलेल्या बाईचा खाडा हा इतर घरगड्यांच्या खाड्याहून भिन्न असतो. भांडी दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकतात. तान्हे मूल राहू शकत नाही. म्हणूनच मालकाची नियमितपणाची अपेक्षा आणि बाईचे आजारपण यांतील विरोध येथे सर्वांत तीव्र होतो. हा विरोध कायद्याने कसा हाताळला, हे पाहण्यास सातारा व सांगली हे शेजारी प्रदेश उपयुक्त आहेत.

पेशवाईत सरदार घराण्यांतून घरकामासाठी कुणबिणी असत. त्या घरातच राहत. मोलाचा करार नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत रजेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामीचे हक्क न्यायालयात अग्राह्य ठरले. परंतु सातारा तेव्हा संस्थान होते. ते १८४८ मध्ये छत्रपती शहाजी यांच्या निधनानंतर खालसा झाले. सांगली मात्र पटवर्धनांच्या अमलाखाली संस्थानच राहिली.

१ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता अमलात आली. तिच्या कलम ४९१ नुसार बाल्य, वेड, रोग वा शारीरिक दौर्बल्य यांमुळे असहाय असलेल्या व्यक्तीची शुश्रूषा करण्याचा कायदेशीर करार करून ती स्वेच्छेने टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होत्या. 'बाल्य' या शब्दामुळे मूल सांभाळणारी बाई या कलमाच्या कक्षेत येत होती. 'स्वेच्छेने' हा शब्द तितकाच महत्त्वाचा होय. खऱ्या आजाराने न येणे हा त्याअन्वये गुन्हा नव्हता. परंतु आजाराच्या दिवसाचे मोल मिळण्याचा अधिकारही त्यातून निर्माण होत नव्हता. साताऱ्यास ही संहिता लागू होती; सांगलीस संस्थान या नात्याने ती आपोआप लागू नव्हती. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली व हा भेद मिटला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

करारभंगाची जोडकलमे ४९० व ४९२ ही १९२५ मध्ये रद्द झाली. ४९१ मात्र टिकले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ मध्ये ते आले. दंडाची मर्यादा पाच हजारांवर गेली. असहायाच्या संरक्षणाचा हेतू सार्थ आहे, यात शंका नाही. परंतु त्याच काळात दुसरी बाजू रिकामी राहिली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगारास आजारपणात रोख साहाय्य मिळाले. खासगी घरातील मोलकरीण त्याच्या बाहेर होती. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा आजारपणातील गैरहजेरीवरून कामावरून काढणे ही त्यामागील तक्रार होती. २००८ च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाने १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारांची नोंदणी, प्रसूतिसाहाय्य व औषधोपचाराचा खर्च यांची तरतूद केली. पगारी आजारी रजा मात्र त्यात नाही.

सारांश, गैरहजेरीचा गुन्हा १८६२ पासून कायद्यात आहे. आजारी पडण्याचा हक्क अद्याप मालकाच्या मर्जीवर आहे. मुलाची सुरक्षितता खरोखर राखावयाची असेल तर पर्यायी बाईची व्यवस्था मालकाने करावी आणि खाड्याचे मोल आधी ठरवावे. तापाने फणफणलेली बाई मुलाजवळ येणे हे मुलाच्याही हिताचे नाही.