सभागृहाचे कलादालन होताना

मुंबईतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात शिरताना दारावरचे जुने नाव वाचावे : सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत १९११ मध्ये कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. ती चित्रांसाठी नव्हे, तर सभा आणि संगीताच्या मैफलींसाठी होती. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी मदनमोहन मालवीयांच्या अध्यक्षतेखाली येथेच जाहीर सभा भरली आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचा पाया घातला गेला.

पुढे या हॉलची रया गेली. लग्नाचे स्वागतसमारंभ आणि चामडी वस्तूंची विक्रीही येथे होऊ लागली. शिल्पकार पिलू पोचखानावाला, केकू गांधी आदींनी तो कलेसाठी मिळावा म्हणून प्रयत्न केले आणि १९९६ मध्ये संग्रहालय सुरू झाले. बाहेरचे कवच तसेच राखून आतली रचना संपूर्ण बदलण्यात आली. जेथे श्रोते एकत्र बसत, तेथे आता जिना चढत एकेक अर्धवर्तुळाकार दालन पाहत घुमटापर्यंत जायचे. समुदायाच्या जागी एकटा प्रेक्षक आला आणि शब्दाच्या जागी मौन.

वास्तू वाचली, हे मोलाचेच. परंतु तिचा मूळ स्वभाव वाचला काय? ८ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रभाकर बरवे यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या असून प्रदर्शनांविषयीचे निर्णय आता दिल्लीतून होतील, अशी टीका ते करू लागताच त्यांना मध्येच थांबवण्यात आले. बरव्यांविषयीच बोला, असे सुचवण्यात आले. एके काळी सार्वजनिक वादासाठी बांधलेल्या वास्तूत हे घडले, याकडे त्या वेळच्या चर्चेत फारसे लक्ष गेले नाही.

कलादालनात प्रसंगाला धरून बोलावे, हा युक्तिवाद वरवर रास्त वाटतो. पण कोणती चित्रे लावायची हे कोण ठरवणार, हा प्रश्न चित्रांबाहेरचा कसा? ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणाऱ्या बरव्यांच्या प्रदर्शनात तर तो विशेषच सुसंगत होता. वारसा-जतन म्हणजे दगडी दर्शनी भाग धुऊन पुसून ठेवणे एवढेच आपण मानत असू, तर दारावरचा ‘पब्लिक’ हा शब्द केवळ अलंकार म्हणून उरेल.