राब, वणवा आणि घाणेरी: तुंगारेश्वरच्या आगीचा इतिहास कुठे शोधाल?

विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. २००३ साली हे जंगल अभयारण्य झालं. इथल्या वणव्यांवर किंवा घाणेरीवर (टणटणी म्हणा हवं तर) काम करायचं ठरवलंत, तर पहिला प्रश्न पडेल: पूर्वी इथे आग लागत नव्हती का?

लागत होती, लावलीही जात होती. भाताची रोपं टाकण्याआधी शेतकरी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत आणि वर मातीचा थर रचून पावसाळ्यापूर्वी पेटवत. हा राब. डहाळ्या जंगलातून येत. १८७८ च्या वन कायद्यानंतर त्यांवर बंधनं आली आणि ठाणे-कुलाबा भागात असंतोष इतका वाढला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ चा त्याचा अहवाल जरूर वाचा. पण जपून! वाद डहाळ्यांचा होता, वणव्याचा वेगळा. शेतातली राबाची आग, माळावर गवत जाळणं आणि रानात पसरलेला वणवा हे तिन्ही एका रकान्यात टाकलंत, तर पुढचं सगळंच बिघडेल.

आता घाणेरी. मूळ अमेरिकेतली, बागेची शोभा म्हणून भारतात आणलेली. पक्षी बिया पसरवतात, आणि जळाली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये मांडलेलं गृहीतक असं: वारंवारच्या आगींनी घाणेरी वाढते, तिच्या झुडपांमुळे जळण वाढतं, मग आणखी आगी. उलट कर्नाटकातल्या बिळिगिरी डोंगरातले सोलिग सांगतात, की पूर्वीच्या हलक्या पालापाचोळ्याच्या आगी बंद झाल्या म्हणून घाणेरी माजली.

मग वसईतही तेच घडलं, असं लिहायचा मोह होईल. आवरा. राब शेतात जळत होता, जंगलाच्या जमिनीवर नव्हे. राबबंदीने घाणेरी वाढली, हे म्हणायला वेगळा पुरावा लागेल. माझ्या मते तो गावातल्या म्हाताऱ्यांकडे जास्त सापडेल: डोंगरावर गवत कोण, कोणत्या महिन्यात जाळायचं, घाणेरी पहिल्यांदा कुठे दिसली.

उपग्रहाचे नकाशेही याच गोंधळातून सुटलेले नाहीत. व्हीआयआयआरएसचा एक ठिपका ३७५ मीटरचा. जंगलाला लागून असलेलं शेत आणि जंगल त्यात एकत्र येऊ शकतात. म्हणून ठिपक्याची तारीख पाहा आणि जागेवर जा.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट: पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जुनी कागदपत्रं ठाणे जिल्ह्यात शोधा, आणि इंग्रजी कागदांत वसई म्हणजे 'बसीन'.