सूपचा डबा आणि लोखंडी नांगर

आजचा विषय पॉप आर्ट. पण घाबरू नका, विषय आपल्याच भागात येणार आहे.

१९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये अँडी वॉरहॉलने ३२ चित्रं मांडली. प्रत्येकावर कॅम्पबेल सूपचा एक डबा. दर चित्रात फक्त सूपचा प्रकार वेगळा. लोक म्हणाले, ही काय कला झाली? पण वॉरहॉल आधी जाहिरातींसाठी चपला-बुटांची चित्रं काढायचा. दुकानातली वस्तू हेच आपल्या काळाचं चित्र, हे त्याने ओळखलं होतं. जाहिरात गॅलरीत शिरली ती अशी.

आपल्याकडे गंमत उलटी झाली. इथे कलाच कारखान्यात शिरली.

लोणंदहून मिरजेकडे जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं ना, तिथली ही गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखू येईनात. मग पेंटिंग सुटलं आणि यंत्रांचं ड्रॉइंग हाती आलं. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांनी कारखाना उभारला. जागा देणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार!

माल होता लोखंडी नांगर. आणि शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंडाने जमीन नासते. म्हणजे वॉरहॉलचं सूप घराघरात आधीच पोचलेलं, इथे मात्र गिऱ्हाईकच तयार करायचं होतं.

हे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी अंगावर घेतलं. तेही चित्रकार. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. सुरुवातीला ते कारखान्याचं प्रचारपत्रक होतं. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि १९३० मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ निघालं. नांगर खपवायला निघालेला कागद मराठी घरांत कथा, व्यंगचित्रं आणि सुधारणेचे वाद घेऊन जाऊ लागला.

याला पॉप आर्ट म्हणायचं का? नाही. पॉप आर्ट बाजाराकडे जरा तिरकं बघते. शंकररावांना बाजार हवाच होता. पण प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: चित्राचे पैसे कोण देतंय, आणि बदल्यात बघणाऱ्याला काय मिळतंय?

मी कोड लिहून पोट भरतो. माणसाने स्क्रोल करत राहावं म्हणून बटणाचा रंगसुद्धा तपासून ठरवतात, हे मला माहीत आहे. आपल्या फीडमधली निम्मी चित्रं काहीतरी विकतच असतात. विकणं हे काही पाप नाही, किर्लोस्करवाडीनेही विकलंच. पण तिथे जाहिरातीसोबत वाचायला, भांडायला, विचार करायला काहीतरी घरात आलं आणि टिकलं.

आज रात्री फोन खाली ठेवताना एवढंच बघा: दिवसभरात पाहिलेल्या चित्रांपैकी किती आठवतात? जे आठवेल ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!