देणे, प्रार्थना आणि पंडिता रमाबाई

देणे हा विषय आपल्याकडे चारचौघांत कोणी काढत नाही. आजार सांगतात, मुलाच्या नोकरीची काळजी सांगतात, पण कोणाचे किती देणे आहे हे मात्र घरच्यांपासूनही लपवतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर ही जुनी रीत आहे. रोवणीच्या वेळी धान संपलेले असायचे. मग ते सवाईने नाहीतर दिढीने उचलायचे, म्हणजे एका खंडीला सव्वा किंवा दीड खंडी परत करायची. पीक आले की खळ्यावरूनच सावकाराची गाडी भरायची. आता सावकाराच्या जागी पतसंस्थेचा आणि बचत गटाचा हप्ता आला आहे, पण रात्रीची झोप उडते ती तशीच.

माझा एक जुना विद्यार्थी ख्रिस्ती आहे. चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे जुने मिशन होते, त्या परिसरात वाढलेल्या घरांपैकी त्याचे घर. नातेवाइकाच्या कर्जाला तो जामीन राहिला. नातेवाइकाने हप्ते थांबवले आणि नोटीस याच्या दारी आली. त्याने मला विचारले, "सर, आम्ही रोज प्रार्थना करतो. पण प्रार्थनेने कर्ज फिटते का हो?"

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर शोधताना मला पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंना दारिद्र्य पुस्तकातून कळलेले नव्हते. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा आणि दानधर्म करीत हिंडले. पैसा संपला, दागिने गेले, घरातली भांडीसुद्धा विकली गेली. १८७४ साली वडील उपासमारीने खंगून वारले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि अमेरिकेत गेल्या. तिथे १८८७ साली बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी एक संस्था उभी राहिली. विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याचे तिने वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले.

दहा वर्षांचे वचन म्हणजे दहा वर्षांनी संपणारे वचन, हे रमाबाईंनी पहिल्यापासून ओळखले होते. म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली. उद्या परदेशची मदत थांबली तर बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा हिशेब त्यामागे होता. झाडे मोठी होण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात फार हाल झाले. (आपला चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता.) रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता, म्हणून या मुलींना केडगावच्या माळावर ठेवावे लागले. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी झाली. मदतीची मुदत संपत आलेली असताना खाणारी तोंडे मात्र वाढत होती. १९०० च्या दुष्काळानंतर तर ती दोन हजारांच्या घरात गेली.

त्या दिवसांत त्यांना आधार होता तो ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या उदाहरणाचा. म्युलर यांनी १८३६ साली अनाथांसाठी पहिले घर उघडले. कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही, फक्त देवाकडे मागायचे, हा त्यांचा नेम होता. इंग्लंडात देवाने जे केले ते हिंदुस्थानात का करणार नाही, असा रमाबाईंचा विश्वास होता. ही गोष्ट भक्तिभावाने सांगताना एक भाग नेहमी गळतो. म्युलर आलेल्या पैशाचा बारीक हिशेब ठेवत आणि दरवर्षी तो छापून प्रसिद्ध करत. रमाबाईंकडेही पहाटेची प्रार्थना होती, तसे दिवसभराचे कामही होते. शेत, दुभती जनावरे, माग, तेलघाणा, छापखाना, सारे मुलींच्या हातांनी चाले. प्रार्थना करणाऱ्यांनी वही बंद करून ठेवली नव्हती.

बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, एका विधवेची गोष्ट आहे. नवरा कर्ज ठेवून मेला आणि सावकार तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला निघाला. ती अलीशा संदेष्ट्याकडे धावली. त्याने आधी विचारले, तुझ्या घरात काय आहे? घरात थोडे तेल होते. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आण, दार लावून घे आणि ओतत राहा, असे त्याने सांगितले. सगळी भांडी भरली. मग तो म्हणाला, तेल विक, देणे फेड आणि उरेल त्यावर मुलांसह जग. चमत्कार आहेच, पण त्याच्या आधी घरात काय आहे याची मोजदाद आहे आणि शेजाऱ्यांची मदत आहे. शेवटी देणे फेडायचेच आहे, ते बुडवायचे नाही. विधवा असलेल्या रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, तेव्हा ही गोष्टही त्यांच्या हाताखालून गेली असणार.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी 'ऋण' हाच शब्द आहे. मूळ ग्रीकमध्येही तिथे देण्याचाच शब्द आहे. ज्यांनी ती प्रार्थना पहिल्यांदा ऐकली, ती माणसे कर्जात दबलेली होती. त्यांना तो शब्द समजावून सांगावा लागला नसेल. आणि तिथे सूट मागणाऱ्याने दुसऱ्यालाही सूट द्यायची आहे. म्हणजे ही प्रार्थना सावकारालाही तितकीच लागू आहे.

सरकारलाही हे कधीतरी कळले. १९३३ साली मध्य प्रांताने कर्ज समेटाचा कायदा केला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून देणे किती आणि कसे फेडायचे ते ठरवावे, अशी ती सोय होती. आज ते मंडळ नाही, पण लोकअदालत आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला आहे. विनापरवाना सावकाराविरुद्ध २०१४ च्या कायद्याने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे खरे. पण त्याने भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्कही १८७२ च्या करार कायद्याने त्याला दिला आहे.

तेव्हा अशा काळजीत असलेल्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. ज्याची श्रद्धा आहे त्याने प्रार्थना जरूर करावी. पण देवाला आकडा सांगावा आणि तोच आकडा बायकोला, नवऱ्याला, कर्त्या मुलालाही सांगावा. घरात काय आहे ते कागदावर लिहावे. एक हप्ता भरायला दुसरे कर्ज काढू नये. नोटीस न फोडता ठेवू नये. ज्याचे देणे आहे त्याच्याकडे स्वतः जाऊन मुदत मागावी. आमच्या विदर्भात किती घरांतली माणसे देणे मनात ठेवून एकटी गेली, ते आपण पाहिले आहे. देण्याची लाज वाटते, पण त्या लाजेपेक्षा माणूस मोठा आहे. शेजाऱ्याचे रिकामे भांडे मागायला संकोच करू नका.