बोटीवरचा माणूस

आमच्या वेंगुर्ल्याकडे एखाद्या घरी जाऊन "थोरला कुठे असतो?" असे विचारले, तर पुष्कळदा "बोटीर आसा" एवढेच उत्तर मिळते. कोणत्या बोटीवर, कोणत्या समुद्रात, याची चौकशी कोणी करीत नाही. 'बोट' हा जणू एक गाव आहे. तिथे गेलेला माणूस आठ-नऊ महिन्यांनी येतो, येताना पेटीभर साबण, चॉकलेटे आणि एखादे घड्याळ आणतो, घराच्या मागच्या पडवीला नवी कौले घालतो, आणि तुळशीचे लग्न लागले की पुन्हा जातो.

२०२० च्या उन्हाळ्यात हा क्रम मोडला. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा एका मोठ्या सहलीच्या जहाजावर खोल्या आवरण्याचे काम करीत असे. तो जूनमध्ये घरी आला तो रिकाम्या हातांनी. उतारू केव्हाच उतरून गेले होते. जहाज नांगरून पडले होते, आणि पुढे पगारही थांबला होता. चौदा दिवस गावाबाहेरच्या शाळेत काढून तो घरी पोचला. त्या वर्षीच्या दिवाळीत वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या आणि पायरीवर बसून म्हणाल्या, "काय ओ भाऊनू, तुमी इतिहास शिकवलात. माझो झील परत बोटीर जातलो काय?"

त्यांना 'नाही' हे उत्तर हवे होते, हे मला दिसत होते. मी तेव्हा "बघू या" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. एखादा धंदा वर्ष-दीड वर्ष ठप्प होतो आणि पुन्हा सुरू होतो. तेव्हा त्यातली माणसे परततात का? शाळेतली नोकरी संपल्यावर वेळ भरपूर होता. मी पुस्तके काढून बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला नवा नाही. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि मुंबई हे विलायतेच्या वाटेवरचे मोठे बंदर झाले. पी. अँड ओ. कंपनीच्या उतारू जहाजांवर कामाची वाटणी जवळजवळ जातिव्यवस्थेसारखी ठरलेली असे. डेकवर काठेवाड, गुजरात आणि कोकणातले मुसलमान खलाशी. त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. खाली भट्टीपाशी कोळसा लोटायला पंजाब आणि सरहद्दीकडचे लोक. आणि वर भोजनगृहात, खोल्यांत, मुदपाकखान्यात गोव्याचे ख्रिस्ती बांधव. साहेबाला त्यांचे हातचे जेवण चाले आणि त्यांना साहेबाचे कोणतेही मांस शिजवायला धर्माची आडकाठी नव्हती, हे त्यामागचे साधे व्यावहारिक कारण. गोव्यात अशा माणसाला 'तारवटी' म्हणतात. तारू म्हणजे जहाज, त्यावरचा तो तारवटी. हा शब्द आजही तिथे घरोघरी आहे.

या माणसांना इंग्रज 'लास्कर' म्हणत. त्यांचे करार वेगळे आणि पगारही वेगळे. गोऱ्या खलाशाला जे मिळे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, कधी पाचव्या हिश्श्याइतके त्यांच्या वाट्याला येई. तरीही मुंबईच्या बंदरात जागेपेक्षा माणसे जास्त असत. नोकरी मिळवून देणारा दलाल पहिल्या पगारातून आपला हिस्सा कापून घेई. बोट लागेपर्यंत राहायचे कुठे? गोव्याच्या माणसाने त्याचे उत्तर 'कूड' या संस्थेत शोधले. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत एकेका गावाची एकेक कूड असे. भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना, आणि महिन्याचे अगदी अल्प भाडे. बोट नसलेल्या माणसाला कूड सांभाळून घेई. बेकारीचे महिने हे या धंद्याचे अंगच होते, आणि ते निभावण्याची सोय समाजाने आपल्यापुरती करून ठेवली होती. २०२० मध्ये आपल्याला जे आक्रीत वाटले, ते या लोकांच्या आजोबांना पाठ होते.

आता मोठ्या खंडांकडे वळू या. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि आरामाच्या प्रवासाची जहाजे सैन्य वाहू लागली. त्याच वर्षी ब्रिटनच्या बंदरांत हिंदी खलाशांनी संप केले. धोका दुप्पट आणि मजुरी जुनीच, हे चालणार नाही, असे त्यांनी बजावले, आणि मालकांना पगार वाढवावे लागले. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ज्यांना आपण निमूट सोसणारे समजतो, त्यांनी अगदी अडीच्या वेळी मान ताठ केली होती. सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज अटलांटिकमध्ये बुडाले. विलायतेतून कॅनडाला पाठविल्या जाणाऱ्या मुलांमुळे ते जगाच्या लक्षात राहिले. पण त्यावरचे खलाशी बहुतांशी हिंदी होते आणि त्यांतले पुष्कळ गारठून मेले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मृत्यू पावले.

एवढे झाल्यावर माणसे परतली का? परतली. १९४९ मध्ये 'हिमालया', १९५४ मध्ये 'आर्केडिया', १९६१ मध्ये 'कॅनबेरा' अशी नवी जहाजे पाण्यात आली, आणि त्यांच्या भोजनगृहांत पुन्हा गोव्याचीच माणसे पांढरे कोट घालून उभी राहिली. किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणारे दुसरे काम नव्हते. भाताची एकपिकी शेती, ती भावाभावांत वाटलेली, आणि डोक्यावर सावकार.

दुसरा खंड उलट्या दिशेचा आहे. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारत सरकारने गोव्याची सरहद्द बंद केली. तारवट्याला आता बोट होती, पण घर नव्हते. मुंबईत उतरलेल्या माणसाला गावी जाणे दुष्कर झाले, पैसे पाठविणेही अवघड झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत अनेकांच्या दिवाळ्या आणि नाताळ कुडीतल्या ट्रंकेवर बसून गेले. समुद्राने नव्हे, जमिनीने त्यांना अडविले होते.

तिसरा घाव विमानाने घातला. १९६७ च्या जूनमध्ये सुवेझचा कालवा बंद झाला तो १९७५ च्या जूनपर्यंत उघडला नाही. मधल्या काळात प्रचंड जेट विमाने आली आणि मुंबई ते विलायत ही उतारू बोटींची वाटच पुसली गेली. त्या वेळी शहाण्या माणसांनी तारवट्याचा धंदा संपला असे म्हटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पण जहाजांनी नवे पोट शोधले. कुठेतरी पोचण्यासाठी नव्हे तर नुसते हिंडण्यासाठी समुद्रावर जायचे, ही कल्पना रुजली. 'कॅनबेरा'च सत्तरीच्या दशकात सहलीचे जहाज झाली. पोचण्याचे काम संपले, पण अंथरूण घालण्याचे, ताट वाढण्याचे काम उरले, आणि त्या कामाला आपली माणसे पुन्हा गेली. त्यांच्या मागोमाग रत्नागिरी-सिंधुदुर्गातले हिंदू तरुणही गेले. जात आणि धर्म यांची जुनी वाटणी हळूहळू सुटली, हे एक चांगले झाले.

अशा रीतीने आपण २०२० पाशी येतो. फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' जपानच्या योकोहामा बंदरात अडकली. तिच्यावर ३,७११ माणसे होती आणि त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. उतारूंना खोल्यांत बसविले होते. परंतु त्यांच्या दारापाशी जेवणाचे ताट कोण ठेवीत होते? खलाशीच ठेवीत होते, आणि ते स्वतः दोघे-दोघे एका खोलीत झोपत होते. त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांतले १३२ कामगार आणि अवघे सहा उतारू. या दोन आकड्यांत आपला सागरी इतिहास सामावलेला आहे असे मला वाटते.

मार्चच्या मध्यावर जगभरच्या सहली थांबल्या. एप्रिलमध्ये एकट्या अमेरिकेच्या किनाऱ्यालगत सुमारे शंभर जहाजे आणि त्यांवर जवळजवळ ८०,००० कामगार होते. त्यांना साध्या विमानाने घरी पाठविण्यास तिथल्या आरोग्यखात्याने मनाई केली होती. इकडे भारताने विमाने बंद केलेली. २३ एप्रिलला 'मरेला डिस्कव्हरी' या जहाजावरून सुमारे दीडशे भारतीय मुंबईत उतरले, तेही कितीतरी दिवस बंदराबाहेर थांबून. करार संपलेला, पगार थांबलेला, आणि जमीन डोळ्यांना दिसत असून पाय टेकता येत नाही. १९५५ च्या तारवट्याला ही व्यथा समजली असती.

काही जहाजे तर परत आलीच नाहीत. मुंबईहून सहली काढणारी 'कर्णिका' २०२० च्या अखेरीस अलंगच्या भंगारात गेली. अमेरिकेची 'फँटसी' तुर्कस्तानच्या अलियागाला फोडली गेली.

आणि माणसे? जून २०२१ मध्ये अमेरिकेतून पहिले मोठे जहाज उतारू घेऊन निघाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईहूनही सहली सुरू झाल्या. त्या वसंतात आपल्याकडे साथीची दुसरी लाट होती. भारतातून येणारा खलाशी नको, असे काही बंदरांनी जाहीर केले होते. कोणाला लस मिळेना. ज्यांना कोव्हॅक्सिन मिळाली, तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नोव्हेंबरपर्यंत आली नव्हती. म्हणजे माणूस जायला तयार होता आणि दार बंद होते. पुढे दार उघडल्यावर बहुसंख्य गेले. २०१९ मध्ये जगात सुमारे तीन कोटी लोकांनी अशा सहली केल्या होत्या; २०२३ मध्ये तो आकडा ओलांडला गेला. हात नसते तर ती ताटे कोणी वाढली असती?

पण एक अपवाद विचार करण्याजोगा आहे. हवाई बेटांत फिरणारे 'प्राइड ऑफ अमेरिका' हे जहाज अमेरिकेच्या झेंड्याखाली चालते, म्हणून त्यावर कायद्याने मुख्यतः अमेरिकन माणसेच ठेवावी लागतात. २०२२ मध्ये ते सुरू झाले खरे, पण पुरेशी माणसे मिळेनात. उतारूंची संख्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी ठेवावी लागली. तिथल्या तरुणाला किनाऱ्यावर दुसरे काम मिळत होते, म्हणून तो गेला नाही. आमच्या वाडीतल्या तरुणाला मिळत नव्हते, म्हणून तो गेला. धैर्य, सवय, समुद्राची ओढ यांचे वर्णन कितीही करा. माणूस बोटीवर परततो की नाही, हे बोटीवर ठरत नाही, किनाऱ्यावर ठरते. शंभर वर्षांचा इतिहास चाळून माझ्या हाती एवढेच सूत्र लागले.

वहिनींचा मुलगा २०२१ च्या दिवाळीच्या आठ दिवस आधी गेला. घराचे कर्ज होते. जाताना तो माझ्या पाया पडायला आला, तेव्हा मी विचारले, "मनापासून जातोस का रे?" तो हसला. म्हणाला, "काका, मनापासून येतंय. जाताना मन कोण विचारता?"

त्याच वाडीतला दुसरा एक मुलगा मात्र गेला नाही. त्याने जुना टेम्पो घेतला आणि तो बंदरावरची मासळी सावंतवाडीला पोचवू लागला. पहिली दोन वर्षे त्याला फार ओढाताणीची गेली. आता बरे चालले आहे. त्याला कोणी शूर म्हणत नाही आणि पहिल्याला कोणी भित्रा म्हणत नाही, ही आमच्या वाडीची समजूत मला आवडते.

काही सुधारणा झाल्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. साथीच्या अनुभवानंतर त्यात दुरुस्त्या झाल्या आणि त्या डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या. वाऱ्यावर सोडलेल्या खलाशाला लवकर घरी पोचविणे आणि जहाजावरून घरच्यांशी संपर्क साधता येणे, या गोष्टी आता कागदावर तरी हक्काच्या आहेत. कागदावरचे प्रत्यक्षात उतरायला वेळ लागतो. पण १९३९ च्या संपवाल्यांनाही आधी मागणीच करावी लागली होती.

वाचकहो, आता आपल्यापैकी काहीजण हौसेने मुंबईहून अशा सहलीला जातात. अवश्य जावे. मात्र रात्री खोलीत परतल्यावर उशीवर घडी घालून ठेवलेला टॉवेलाचा हंस दिसला, तर तो करणाऱ्याला त्याचे गाव विचारावे. ते आपल्याच जिल्ह्यातले निघण्याचा संभव बराच आहे.

वहिनी यंदाही फराळ घेऊन येतील. मुलगा या खेपेला घरी आहे. अंगणात आकाशकंदील बांधीत असलेला मला खिडकीतून दिसतो आहे. तुळशीचे लग्न झाले की निघायचे आहे. त्यांच्या प्रश्नाला मी पाच वर्षांपूर्वी उत्तर दिले नव्हते. आता द्यायचे ठरविले, तर म्हणेन, "वहिनी, तो जातलो. पण त्याच्या झिलाक जावचा लागू नये, असा कायतरी हयच करूक होया."