गळणाऱ्या झडपेचा इतिहास

लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या रंगाऱ्याने १८६८ साली न्हाणीघरासाठी एक यंत्र तयार केलं. वरून थंड पाणी सोडायचं आणि खाली गॅस पेटवायचा. वर चढणारे गरम वायू ओघळत्या पाण्याला तापवायचे आणि तळाशी ऊन पाणी मिळायचं. आइसलंडमध्ये ‘गेयसिर’ नावाचा उकळत्या पाण्याचा उसळता झरा आहे. त्यावरून मॉनने यंत्राला ‘गिझर’ म्हटलं. इंग्रजांच्या देशात हा शब्द आता जुनाट झालाय, आपल्याकडे मात्र रोज सकाळी कोणीतरी ओरडतंच, “गिझर कोणी चालू ठेवलाय?”

मॉनच्या यंत्राला धुराडं नव्हतं. जळका वायू न्हाणीघरातच राहायचा. बंद खोलीत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. आंघोळ करणाऱ्याला फक्त गरगरल्यासारखं वाटतं आणि दाराची कडी काढण्याइतकीही ताकद उरत नाही.

या बाबतीत आपला तांब्याचा बंब शहाणा होता. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी आणि धूर वरून बाहेर. शिवाय तो बहुतेक घरांत परसात किंवा पडवीत असायचा. नॉर्वेहून अमेरिकेत पिट्सबर्गला गेलेल्या एडविन रूड या अभियंत्याने १८८९च्या सुमारास टाकीत पाणी साठवून आपोआप तापवणारा गॅसचा हीटर घडवला. आजही तिकडच्या घरांतल्या अशा हीटरची टाकी उघडून बघितली, तर मधोमध धुराची नळी आणि भोवती पाणी दिसतं. आजीने बंब म्हणून सहज ओळखला असता.

मी भाड्याने घेतलेल्या घरात बाथरूममध्येच गॅस गिझर होता. हवा जायला एक वीतभर झरोका, तोही काचेने बंद. दर हिवाळ्यात अशा बाथरूममधल्या मृत्यूंच्या बातम्या येतात. घरमालकांना विचारून मी तो काढायचं ठरवलं. गॅसची जोडणी बंद करायला एजन्सीचा माणूस बोलावला, बाकीचं काम स्वतः केलं. १५ लिटरचा विजेचा गिझर, भिंतीत अँकर बोल्ट, आट्यांवर टेफ्लॉन टेप, अर्थिंग तपासलेला १६ अँपिअरचा सॉकेट. टाकी पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्यावरच बटण दाबलं, कारण कोरड्या टाकीत कॉइल जळते.

हार्डवेअरच्या दुकानात मात्र एक फुकटचा सल्ला मिळाला होता. “दादा, थंड पाण्याच्या तोंडाला ही झडप येते ना, ती गळत राहते. टोपण मारून टाका, कटकट नको.”

थोडं गणित करू. २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर गेलं की साधारण १.४ टक्के फुगतं. १५ लिटरला ते होतं २०० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पेलाभर. मागे जायला वाट नाही, कारण ही झडप पाणी उलटं जाऊ देत नाही. नळ बंद असतील तर दाब वाढत जातो आणि मग ती थोडं पाणी बाहेर सोडते. लोक ज्याला बिघाड म्हणतात, ते तिचं नेमून दिलेलं काम आहे. थर्मोस्टॅट अडकला, त्यानंतरचा कटआउटही चालला नाही, तर टाकी फुटण्याआधी मधे उभी असते ती हीच.

तिची वंशावळ जुनी आहे. १६७९ साली डेनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर हाडं शिजवणारं बंद भांडं मांडलं. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबून धरलेली झडप योजली. कुकरची शिट्टी त्याच घराण्यातली.

टाकीत मॅग्नेशियमची एक कांडीही असते. तिची कथा समुद्रातली. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजत होते. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने त्यांना जस्त-लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषाने दूर राहणारे शिंपले आता बिनधास्त चिकटले आणि जहाजं मंदावली, म्हणून नौदलाने तो नाद सोडला. टाकीत शिंपल्यांचा प्रश्न नाही. तिथे पोलादाच्या वाट्याची झीज ही कांडी आपल्या अंगावर घेते. बोअरच्या पाण्यावर असाल तर वर्षाकाठी ती उघडून बघा. संपली असेल तर नवी घाला, टाकी बरीच वर्षं टिकेल.

आमच्या कामात जुन्या कोडमध्ये विचित्र ओळी सापडतात. का लिहिल्यात, कोणालाच ठाऊक नसतं. नवा मुलगा त्या उडवतो आणि रात्री दोनला फोन वाजतो. गिझरमध्ये चूक झाली तर फोन करायला कोणी उरेलच असं नाही. म्हणून झडपेला टोपण मारू नका. तिला एक बारीक नळी जोडा, नळीचं तोंड मोरीकडे वळवा आणि पेलाभर पाणी जाऊ द्या.